पाच वाजताचं कुलूप

"तुझा पासवर्ड काय?" हा त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

चामराजपेटेतल्या त्यांच्या घराच्या माडीवरची खोली बघायला मी गेले होते. नागपूरहून बंगळुरात येऊन मला दोन महिने झाले होते. तोवर भेटलेल्या घरमालकांनी जात विचारली होती, अंडी खाते का विचारलं होतं, घरी किती वाजता येते हे तर सगळ्यांनीच विचारलं होतं. ह्यांनी पासवर्ड विचारला. मी म्हणाले, तो कसा सांगू? ते हसल्यासारखे झाले, "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. माझ्या आधी तीन जण खोली बघून गेले होते, तिघंही आयटीतले, आणि तिघांनीही फोनचा पासवर्ड गंमत म्हणून सांगून टाकला होता. हे मला पुढे अक्कांकडून कळलं.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णा म्हणू लागले. घराणं मराठी, पण तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी होती. तुला आमची मराठी ऐकून हसू येईल, पण ती तुझ्या मराठीपेक्षा वयाने मोठी आहे, असं अण्णांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी कधी हसले नाही. हसण्यासारखा तो माणूसच नव्हता.

माझं काम तेव्हा मारतहळ्ळीच्या बाजूला एका कंपनीत होतं. कर्मचाऱ्यांना संगणक सुरक्षित कसा ठेवायचा हे शिकवायचं, आणि शिकवून झालं की त्यांना खोट्या ईमेल पाठवून कोण फसतं ते बघायचं. निम्मे फसायचे. भिंतीवरच्या कागदावर पासवर्ड लिहून ठेवायचे, एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरायचे, वर मलाच म्हणायचे की मॅडम, आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय. दोन तास बसमध्ये आदळत मी चामराजपेटेत परत यायचे, तर तिथे हा सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याला कोणी काही शिकवलं नव्हतं, माझे सगळे नियम माझ्यापेक्षा कडकपणे पाळत बसलेला असायचा.

त्यांचा संगणक बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात होता. जुनाच, मोठ्या डब्याचा, वर अक्कांनी विणलेलं पांढरं आच्छादन. कॅमेऱ्याच्या भिंगावर अक्कांची एक लाल टिकली चिकटवलेली. इंटरनेटची वायर कायम काढलेली, वेटोळं करून खिळ्याला टांगलेली. काम असेल तेवढा वेळ लावायची आणि काम झालं की हाताने उपसून काढायची. दर पौर्णिमेला सगळं काही दोन पेनड्राइव्हवर उतरवायचं, त्यातला एक घरात आणि दुसरा चिकपेटेत कापडाचं दुकान असलेल्या त्यांच्या चुलतभावाच्या तिजोरीत. आग दोन घरांना एकदम लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांना कुठलासा प्रोग्राम हवा होता. त्याच्या अटी वाचायला त्यांनी शब्दकोश घेऊन दोन दिवस लावले, आणि तिसऱ्या दिवशी 'अमान्य' वर बोट दाबून ते मोकळे झाले. जगात त्या अटी पूर्ण वाचलेला तो एकच माणूस असेल. मी त्यांना तसं म्हणाले, तर वाचल्याशिवाय सही कशी करतात लोक, हे त्यांनी मलाच विचारलं.

पण खरी गोष्ट होती ती संध्याकाळी पाचची.

पाच वाजले की अण्णा संगणकावरचं आच्छादन घडी घालून बाजूला ठेवायचे. अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत यायच्या. अण्णा खुर्चीत बसून पासवर्डचा पहिला अर्धा भाग टाकायचे, त्या वेळी अक्का खिडकीतून बाहेर बघायच्या. मग अण्णा उठायचे, समोरच्या भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमची किल्ली." अक्का बसायच्या, त्यांचा अर्धा भाग टाकायच्या. अण्णा भिंतीकडे बघतच विचारायचे, "आयितु?" म्हणजे झालं का. अक्का म्हणायच्या, "आयितु." मग ते वळायचे. एरवी दिवसभर ते बायकोला अगं-तूगं करायचे, साराला मीठ कमी पडलं तर तिला ऐकवायचे; पण त्या मिनिटभरापुरतं अहो-जाहो. बारा वर्षांत त्यांना तिचा अर्धा भाग माहीत नव्हता आणि तिला त्यांचा.

संगणक उघडून पुढे व्हायचं काय? तर अक्का तंजावरच्या आपल्या बहिणीला पत्र लिहायच्या. एका बोटाने, मराठीत, रोज चार-सहा ओळी. आज काय शिजवलं, कोण आलं, गुडघा कसा आहे. बहिणीचं आलेलं पत्र अण्णा मोठ्याने वाचून दाखवायचे. सहाच्या सुमारास आच्छादन परत वर. ह्या पेटाऱ्याला एवढी कुलपं कशाला म्हणून अक्का कधीकधी चिडवायच्या. अण्णा म्हणायचे, आत जे आहे ते आपलं आहे की.

मी पहिल्यांदा हे सगळं बघितलं तेव्हा मला मजा वाटली. एक पासवर्ड दोघांत वाटून घेणारं जोडपं मी आधी पाहिलं नव्हतं. मी अण्णांना सांगायला गेले की घरच्या संगणकाला इतकी गरज नसते, एक चांगला लांब पासवर्ड पुरतो. त्यांनी ऐकून घेतलं. मग मला समोर बसवून एक जुनी हकिगत सांगितली. ती ऐकल्यावर मी पुन्हा हसण्यावारी नेलं नाही.

नोकरीत असताना ते एका कॉलेजच्या परीक्षा विभागात होते. प्रश्नपत्रिका ठेवायच्या खोलीला दोन कुलपं होती. एक किल्ली ह्यांच्याकडे, दुसरी एका सहकाऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय खोली उघडायची नाही. एका वर्षी त्या सहकाऱ्याच्या घरी आजारपण आलं म्हणून तो दुपारी घाईने निघाला आणि जाताना आपली किल्ली ह्यांच्या टेबलावर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी खोली उघडली तर एका पाकिटाचा लाखेचा शिक्का फुटलेला. आतल्या प्रश्नपत्रिका मोजल्या, सगळ्या जागच्या जागी होत्या. शिक्का उन्हाने फुटला की पाकीट ठेवताना आपटलं, कोणाला कळलं नाही. चौकशी तीन महिने चालली. शेवटी काही निघालं नाही, ह्यांना कागदावर निर्दोष ठरवलं. पण त्या तीन महिन्यांत ह्यांच्याबरोबर चहाला कोणी बसलं नाही, आणि पुढेही पूर्वीसारखं कोणी बसलं नाही.

"मी काही केलं नव्हतं," अण्णा म्हणाले. "पण मी केलं नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. दोन्ही किल्ल्या माझ्याजवळ होत्या. दुसरी किल्ली काय चोरासाठी असते असं वाटतं तुला? ती साक्षीसाठी असते. आपण खरे आहोत हे बघायला एक माणूस लागतो."

त्या तीन महिन्यांत त्यांच्याजवळ बसणारं एकच माणूस होतं. घरी संगणक आला तेव्हा दुसरी किल्ली त्यांनी त्या माणसाला दिली. हे त्यांनी मला सांगितलं नाही, मी समजले.

माझ्या तिसऱ्या वर्षी ती भानगड झाली. अण्णा बाजारात गेले होते. घरी फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, तुमच्या संगणकात विषाणू शिरलाय, आम्ही मोठ्या कंपनीतून बोलतोय, तुमचा पासवर्ड सांगा म्हणजे इथूनच दुरुस्त करतो. अक्कांची हिंदी बेताची. त्यांनी शांतपणे आपला पासवर्ड सांगितला. पलीकडच्याने तो लिहून घेतला, आणखी चार प्रश्न विचारले, मग संगणक चालू करायला सांगितला. अक्का म्हणाल्या, तो कसा चालू होईल, हे घरी नाहीत, त्यांचा पासवर्ड मला ठाऊक नाही. पाच वाजता फोन करा. तो माणूस बराच वेळ ओरडला आणि त्याने फोन आपटला.

अण्णा परत आल्यावर अक्कांनी हे हसत सांगितलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा अण्णा जिन्यातच उभे होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. चोराला अर्धा पासवर्ड मिळाला, असं ते तीनदा म्हणाले. त्यांची सगळी व्यवस्था, जिला नातेवाईक वेड म्हणायचे, ती खरी ठरली होती. वायर तर खिळ्यावरच होती, काही बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. मलाही फार आनंद झाला. मी ती हकिगत ऑफिसात माझ्या व्याख्यानात घातली, पडद्यावर त्याची एक पाटी केली. लोक हसायचे आणि लक्षात ठेवायचे.

आणि त्याच संध्याकाळी मी अण्णांना म्हणाले, तो अर्धा भाग बाहेर गेलाय, आता तो बदलायला हवा. आजच.

मी चूक काही सांगितलं नव्हतं. कुठल्याही पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. अण्णांना ते ताबडतोब पटलं. किल्ली हरवली की ते कुलूपच बदलत. अक्का दाराला टेकून ऐकत होत्या. त्यांनी मला विचारलं, "बदलायलाच हवं का गं? मला तोच येतो."

"अक्का, नियम आहे," मी म्हणाले. हसत म्हणाले, कामावर म्हणते तशी.

मी त्यांना शेजारी बसवून चांगला पासवर्ड कसा तयार करायचा ते शिकवलं. एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घ्या, मध्ये आकडा घाला, एक अक्षर मोठं करा. त्या मान डोलावत होत्या. नवा अर्धा भाग टाकताना मी तोंड फिरवलं, अण्णांनी तोंड फिरवलं. त्यांना फार वेळ लागला. आम्ही दोघं भिंतीकडे बघत उभे होतो आणि मला आपण काहीतरी उत्तम काम केल्याचं समाधान वाटत होतं.

अक्का त्या सुमाराला सारात दोनदा मीठ घालायला लागल्या होत्या. मला एकदा त्यांनी आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. मी ते बघत होते, पण त्याचं काय करायचं मला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर बघायचं नव्हतं. जुनं सगळं त्यांना पाठ होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नात पंगतीला काय वाढलं होतं ते त्या सांगायच्या. नवं मात्र राहत नव्हतं. बारा वर्षं बोटांत मुरलेला शब्द आम्ही त्यांच्याकडून काढून घेतला आणि त्या वयात, त्या दिवसांत, त्यांना नवा पाठ करायला सांगितला.

पहिले आठ दिवस जमलं. मग चुकायला लागलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे, आणि मागे बटणांचा आवाज, थांबणं, परत आवाज. "आयितु?" अक्का म्हणायच्या, "स्वल्प थांबा." अण्णा वळायचे नाहीत. एका रविवारी मी तिथे होते. वीस मिनिटं ते तसेच उभे राहिले. त्यांचे पाय दुखायचे, तरी ते भिंतीला टेकले नाहीत. शेवटी फार वेळा चुकल्यामुळे संगणकाने थांबायला सांगितलं. अक्का उठल्या आणि गॅसवर दूध आहे म्हणून आत गेल्या. गॅसवर काही नव्हतं.

त्यानंतर पाच वाजता त्यांना कामं निघायला लागली. देवळात जायचं, शेजारणीकडे जायचं, डोकं दुखतंय. अण्णा आच्छादन काढून वाट बघायचे आणि सहाला परत घालायचे. तंजावरहून बहिणीचा फोन आला की पत्र का नाही. अक्का म्हणाल्या, संगणक बिघडलाय. बहीण फोनवर अर्धा तास बोलली, पण अक्कांना फोनवर बोलणं जमायचं नाही. आता तर बोलता बोलता त्यांचे शब्द हरवायचे. लिहिताना त्या एक-एक अक्षर शोधत सावकाश पुढे जायच्या, तेवढं अजून राहिलं होतं. ते आम्ही बंद पाडलं होतं.

मी अण्णांना सुचवून बघितलं. नवा भाग तुम्ही माहीत करून घ्या. त्यांनी मान हलवली. कागदावर लिहून ठेवा. नाही. बोटाच्या ठशाने उघडणारं यंत्र मी आणून देते. ते म्हणाले, ठसा झोपलेल्या माणसाचाही घेता येतो. मग जुनाच अर्धा भाग परत लावू या, असंही मी म्हणाले. त्यावर ते रागावले. एकदा बाहेर गेलेली किल्ली पुन्हा लावायची नाही, हे तूच सांगितलंस ना, म्हणाले. मी सांगितलं होतंच. शिवाय अक्का आता जुनाही विसरल्या असणार, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. त्यांना विचारावं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

मग एका सकाळी अण्णा माडीवर माझ्या खोलीत आले. तीन वर्षांत ते कधी वर आले नव्हते. भाडेकरूच्या खोलीत जायचं नाही हा त्यांचा आणखी एक नियम. दारातच उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"कुठल्याही किल्लीने उघडेल असं कुलूप करता येतं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, अण्णा, त्याला कुलूप म्हणत नाहीत.

"मला माहीत आहे. करता येतं का?"

करता येत होतं. एका रविवारी अक्का देवळात गेल्यावर मी दुसऱ्या वाटेने संगणकात शिरले, ते माझं कामच आहे, आणि एक छोटा प्रोग्राम लिहून बसवला. संगणक चालू झाला की आधी माझा पडदा यायचा. त्यावर दोन चौकटी. वरची अण्णांची, ती खरीखुरी तपासली जायची. खालची अक्कांची. तिच्यात काहीही टाकलं तरी दार उघडायचं. अण्णा माझ्या शेजारी बसून हे सगळं बघत होते. सर्वांच्या पासवर्डची काळजी वाहणारा माणूस आपल्या घरातलं कुलूप पोकळ करून घेत होता. काम झाल्यावर ते उठले. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी कॉफी करून आणली. त्यांनी स्वतः केलेली कॉफी मी तेव्हा एकदाच प्यायले. फार वाईट झाली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी अक्कांना सांगितलं की संगणक दुरुस्त झालाय, ये. त्या आल्या, नाइलाजाने बसल्या. "बाई, तुमची किल्ली," म्हणून अण्णा भिंतीकडे वळले. बटणं वाजली. पडदा उघडला. अक्कांनी वळून अण्णांच्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आयितु." त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मला तेव्हा बरं वाटलं आणि लाजही वाटली.

सात-आठ महिने असे गेले. पत्रं पुन्हा जायला लागली. ती छोटी होत गेली, एकच गोष्ट दोनदा यायला लागली, पण तंजावरला पोचत होती. दरम्यान माझं लग्न ठरलं आणि मारतहळ्ळीला ऑफिसजवळ घर घ्यायचं ठरलं. निघायच्या आधी अण्णांचा संगणक एकदा नीट बघून द्यावा म्हणून मी बसले. अण्णा शेजारी पेपर वाचत होते. अक्का आत झोपल्या होत्या.

तिथे मला एक फाइल सापडली. ती माझीच होती. प्रोग्राम लिहिताना तो नीट चालतोय का हे बघायला मी एक ओळ घातली होती: खालच्या चौकटीत जे टाकलं जाईल ते तारखेसह टिपून ठेव. तपासणी झाल्यावर ती ओळ काढायची असते. मी विसरले होते. असली चूक माझ्या हाताखालच्या कोणी केली असती तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता. फाइल न उघडता पुसून टाकायला हवी होती. मी उघडली.

रोजची एक ओळ. सात-आठ महिन्यांच्या ओळी, आणि सगळ्यांत एकच शब्द. दहा अक्षरं-आकडे. मी शिकवलेले तीन शब्द त्यात नव्हते, मोठं अक्षर नव्हतं. साधा, घरातला, त्यांचा शब्द. तो मी इथे लिहिणार नाही. एकाही दिवशी त्यात एका अक्षराची चूक नव्हती. अक्का काही विसरल्या नव्हत्या. त्या रोज आपली जुनी किल्ली घेऊन येत होत्या, आणि आम्ही, त्यांचा नवरा आणि मी, त्या काहीही लिहीत असतील असं समजून त्यांच्यावर दया करत होतो.

माझे डोळे भरून आले. अण्णांनी पेपर खाली केला. मला खोटं बोलता आलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं: माझी राहिलेली ओळ, फाइल, रोजचा एकच शब्द. शब्द कोणता ते सांगितलं नाही.

अण्णांनी पेपरची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "दहा आहेत? आणि चौथ्यानंतर स्वल्प थांबते?"

थांबण्याचं फाइलमध्ये दिसत नाही. पण चौथ्या अक्षरानंतर आकडे सुरू होत होते, हात वरच्या ओळीत न्यावा लागत होता. मी हो म्हणाले.

"मला ऐकू यायचं," अण्णा म्हणाले. "बारा वर्षं ऐकलंय. मध्ये ते गेलं होतं, मग परत यायला लागलं. पण वाटायचं की माझ्या मनाचे खेळ असतील. तिला विचारायचं धैर्य झालं नाही. विचारलं असतं तर कुलूप खोटं आहे हे सांगावं लागलं असतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग आता ते खरं कर. जुनीच किल्ली लाव. तूच लाव, मला सांगू नकोस."

मी म्हणाले, अण्णा, बाहेर गेलेली किल्ली आहे ती. ते म्हणाले, असू दे. मग मला जे बोलायलाच हवं होतं ते मी बोलले. मधल्या काळात अक्कांना डॉक्टरांकडे नेलं होतं, आणि विसरणं वाढतच जाणार असं ते म्हणाले होते हे आम्हा दोघांना माहीत होतं. आज त्यांना येतंय, पण एक दिवस येणार नाही. खोटं कुलूप असेल तर त्या दिवशीही उघडेल, त्यांना कळणारसुद्धा नाही. खरं केलं तर उघडणार नाही.

"नाही उघडलं तर आम्ही दोघं बाहेर राहू," अण्णा म्हणाले. "एवढे दिवस मी एकटाच आत होतो."

मी खालच्या चौकटीला अक्कांचा शब्द लावला आणि फाइल पुसून टाकली. संध्याकाळी पाचला मी मुद्दाम थांबले. अण्णा भिंतीकडे वळले, मीही वळले. चार बटणं, थोडं थांबणं, सहा बटणं. अक्का म्हणाल्या, "आयितु." त्यांच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. अण्णा मात्र वळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावत होते, आणि अक्कांनी त्यांना विचारलं की काय झालं, पाय दुखतात का.

मारतहळ्ळीला गेल्यावर मी आधी दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने त्यांच्याकडे जायचे. पुढे जाणं कमी झालं, फोन करायचे. संगणकाबद्दल मी विचारत नसे. उघडत असेल तर ते सांगायचे नाहीत आणि उघडत नसेल तर मला ऐकायचं नव्हतं. असं वर्षभर चाललं.

मग एका शनिवारी सहा वाजता अण्णांचाच फोन आला. ते स्वतःहून फोन करत नसत, त्यामुळे मी घाबरले. आवाज नेहमीसारखाच होता.

"आज नाही उघडलं," ते म्हणाले.

मी विचारलं, किती वेळा करून बघितलं? ते म्हणाले, एकदाच, पुन्हा बसवलं नाही तिला. मी लगेच निघते, पाच मिनिटांचं काम आहे, आत शिरून बहिणीची सगळी पत्रं तुम्हाला कागदावर काढून देते, असं मी भराभर बोलत सुटले. माझंच समाधान करत होते. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले की येऊ नकोस, त्यासाठी फोन केलेला नाही.

"ती तशीच बसून राहिली खुर्चीत. मला म्हणाली, माझ्याकडून काहीतरी हरवलं. मी म्हटलं, हरवलं तर हरवलं. आणि माझी किल्ली तिला सांगून टाकली."

चौदा वर्षं त्यांनी ती कोणाला सांगितली नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"हसली. खूप दिवसांनी हसली. म्हणाली, एवढंच होतं होय?"

मी विचारायला नको होतं, पण विचारलं, की मग अक्कांची किल्ली कोणती होती ते तुम्ही त्यांना विचारलं का.

"नाही," अण्णा म्हणाले. "ती तिची आहे." पाठीमागून अक्कांचा आवाज आला, कोणाशी बोलताय म्हणून. अण्णांनी त्यांना माझं नाव सांगितलं, आणि मला म्हणाले, "ठेवतो. ती चपला घालून थांबलीये, जरा फिरून येतो."